शिदोरी, तांब्या आणि वळकटी

चैत्र सरत आला, बालाघाटाच्या माथ्यावरचे गवत वाळून पांढरे पडले आणि शाळांच्या परीक्षा आटोपल्या, की आमच्या तुळजापुरात घरोघरी एक प्रश्न ऐकू येऊ लागतो : 'मुंबईस जाताना बरोबर काय काय घ्यावे?' कोणी मुलाच्या शिक्षणाच्या चौकशीस निघालेला असतो, कोणी आजाऱ्यास मोठ्या डॉक्टरकडे दाखवावयास, तर कोणी नुसताच भावाकडे चार दिवस राहावयास. प्रश्न अगदी घरगुती. त्याचे उत्तर बहुधा घरातील वडीलधारी बाई देते आणि पुरुषमंडळी ते निमूटपणे उचलून गाडीत ठेवतात. इतिहासाच्या अभ्यासकाने मान वर करून पाहावे असे त्यात काही असेल, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. तह, सनदा, स्वाऱ्या आणि वतने यांच्या कागदांत गाठोड्याला जागा नसते.

तथापि प्रवाशाचे गाठोडे हाही एक कागदच आहे, आणि वाचता आला तर तो पुष्कळ बोलतो. मनुष्य घरातून जी वस्तू उचलून बरोबर नेतो, ती वाटेत मिळणार नाही, किंवा मिळाली तरी घेता येणार नाही, असा त्याचा समज असतो. म्हणून सामानाची यादी म्हणजे वाटेविषयीच्या अविश्वासाची यादी होय. वाट जसजशी भरवशाची होते तसतसे गाठोडे हलके होते. परंतु ते सर्वांचे सारख्या वेगाने हलके होते काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचाच थोडासा विचार येथे करावयाचा आहे.

आगगाडीपूर्वीच्या मराठी प्रवाशाचे सामान मोजकेच असे. खांद्यावर दोन तोंडांची पडशी, पाठीवर घोंगडी, कंबरेस पैशांचा कसा, हातात काठी, आणि तांब्याबरोबर एक लांब दोर. आजच्या वाचकास या दोराचे नवल वाटेल. परंतु वाटेवरच्या विहिरीचे पाणी ज्याचे त्याने काढावयाचे असे, आणि दोर नसेल तर भरल्या विहिरीच्या काठी तहानलेले बसण्याची पाळी येई. घोंगडी हे अंथरूण, तेच पांघरूण, पाऊस आला तर तीच खोळ. पडशीत शिधा, चकमक, चार दिवसांची भाकरी किंवा दशम्या. दशमी ही प्रवासासाठीच जणू निघालेली वस्तू. तिचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात, त्यामुळे ती मऊ राहते व टिकते. शिवाय पाण्याचा स्पर्श नसल्यामुळे सोवळ्याओवळ्याच्या जुन्या नियमांतही तिला वाटेवर सवलत मिळे. म्हणजे एका दशमीत उन्हाळ्याची, उपासमारीची आणि विटाळाची अशा तीन भीतींची तरतूद केलेली होती.

चौथी भीती चोराची. १८५७ साली कोकणातील वरसईहून विष्णुभट गोडसे हे भिक्षुक घरचे कर्ज फेडावे म्हणून ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाच्या दक्षिणेची आशा धरून उत्तरेस निघाले. त्यांचा हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केला. भटजी बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीच्या लुटीतून वाचले, मिळवलेले पुष्कळसे गमावले. आणि परतले ते मातापित्यांस स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. त्या सर्व सामानात लुटारूस नकोशी अशी वस्तू ती एकच होती, आणि तीच घरी पोचली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या भागाचा तर या भीतीच्या वाङ्मयाशी फार जवळचा संबंध आहे. १८५३ च्या तहाने निजामाने जे मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिले त्यांत नळदुर्गचा जिल्हा होता, आणि तेथे कारभारी म्हणून जो गोरा अधिकारी आला तो फिलिप मेडोज टेलर. ठगांच्या जीवनावरील त्याची इंग्रजी कादंबरी १८३९ मध्येच प्रसिद्ध झाली होती. पुढे १८६३ मध्ये त्याने 'तारा' ही कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरच्या देवळाशी संबंध असलेली ब्राह्मणकन्या आहे. ठगांची संख्या आणि संघटना यांविषयी इंग्रज अधिकाऱ्यांनी जे लिहून ठेवले त्याबद्दल अलीकडील अभ्यासक साशंक आहेत. पण सोबतीच्या मिषाने वाटसरूत मिसळून त्याचा घात करणारे लोक होते, यात संशय नाही. म्हणून जुना प्रवासी दोन नियम पाळी : एकट्याने निघू नये, आणि गाठोड्यात काय आहे ते कोणास सांगू नये.

याच्या अगदी उलट चित्र तुळजापुरास येणाऱ्या यात्रेकरूचे. परगावचा भक्त भवानीच्या दर्शनास येतो तो आपल्या वंशपरंपरागत पुजाऱ्याच्या घरी उतरतो. पुजाऱ्याने त्याची ओसरी द्यावी, चूल द्यावी, भांडी द्यावीत, नैवेद्याची सिद्धता करावी. त्यामुळे यात्रेकरूची पडशी हलकी असे. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, एवढ्यावर आराधी मंडळी कोसच्या कोस चालत येत. जेथे आपले म्हणणारे घर आहे तेथे ओझे न्यावे लागत नाही, हा धडा आमच्या गावाने शेकडो वर्षे इतरांस दिला. मात्र आम्हांस स्वतः मोठ्या शहरी जावयाचे झाले म्हणजे अशी ओसरी कोठली!

मोठे शहर म्हणजे आमच्यापुढे दोन होती. राजधानी म्हणून हैदराबाद आणि व्यापारउदीम म्हणून मुंबई. १८६० मध्ये आमचा जिल्हा निजामाकडे परत गेला आणि १९४८ पर्यंत तेथेच राहिला. त्याच १८६० साली आगगाडी सोलापुरास आली. तेव्हा मुंबईचा प्रवास तुळजापूर ते सोलापूर या सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांच्या गाडीवाटेने सुरू होई. उन्हाळ्यात ही वाट रात्रीच कापावयाची. दिवेलागणीस गाडी जुंपली, बैलांच्या गळ्यांतील घुंगरांच्या तालावर माणसे पेंगू लागली, की तामलवाडीच्या बाजूची हद्द ओलांडून उजाडता उजाडता सोलापूर गाठता येई.

पण ही हद्द साधी नव्हती. ती दोन राज्यांची होती. निजामाच्या राज्यात मालावरील जकातीस करोडगिरी म्हणत, आणि तिचा नाका ओलांडताना गाठोडे सोडून दाखविण्याची वेळ येई. नाणेही बदले. आमच्याकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. साधारण हिशेब सात हाली रुपयांस सहा कलदार असा. म्हणजे तुळजापूरच्या मनुष्यास मुंबईस जाण्यापूर्वी जी पहिली तयारी करावी लागे ती कपड्यांची नसून सराफाकडची असे. दशम्या घरात होत, परंतु पैसा परका होता.

१८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि सोलापूरहून मुंबई अखंड जोडली गेली. तोपर्यंत खंडाळा आणि खोपोली यांमधील घाट गाडी सोडून उतरावा लागे. योगायोग असा की, गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तकही १८६३ चेच. जावयाची वाट आणि गेल्यावर काय पाहावयाचे याची माहिती, दोन्ही एकाच वर्षी मराठी माणसाच्या हाती आल्या. सोलापूर ते मुंबई हे चारशे पंचावन्न किलोमीटरांचे अंतर, जे पायी जाणाऱ्यास पंधरा दिवसांहून कमी लागत नसे, ते एका दिवसरात्रीच्या आत आले. शिधा गेला, चकमक गेली, दोर गेला. त्यांच्या जागी पत्र्याची ट्रंक आली, सतरंजीत गुंडाळलेली वळकटी आली, आणि झाकणास आटे असलेला फिरकीचा तांब्या आला. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली. हातमाग-यंत्रमागांची चादर तर त्या शहराची ओळखच झाली, आणि वळकटीच्या वरच्या घडीस तिने घोंगडीची जागा घेतली.

वेग वाढला, पण भीती गेली असे मात्र झाले नाही. ती फक्त जागा बदलून बसली. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेग उघडकीस आला, आणि १८९७ च्या साथरोगाच्या कायद्यानंतर मोठमोठ्या स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. काखा चाचपून पाहत, वळकट्यांना धुरी देत, ट्रंका उघडून कपडे जंतुनाशकात बुचकळत. आजवर प्रवाशास वाटेचा संशय होता; आता वाटेस प्रवाशाचा संशय आला. शहरातून गावी आलेल्या गाठोड्याकडे शेजारी ज्या नजरेने पाहत, त्या नजरेची आठवण २०२० च्या उन्हाळ्यात आम्हां सर्वांस पुन्हा एकवार झाली.

आणि पाणी? स्टेशनांवर पाण्याची सोय होती; परंतु 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी. या दोन शब्दांत जे बसत नव्हते त्यांनी काय करावे, याचे उत्तर फलाटावर लिहिलेले नसे. ते उत्तर आपणांस एका मुलाच्या प्रवासात सापडते.

१९०१ सालची उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्यास राहणारी काही मुले खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे वडिलांकडे निघाली. वडील तेथे दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर, खजिनदार होते आणि त्यांनीच मुलांस सुट्टीसाठी बोलावून घेतले होते. मुलांमध्ये नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर, त्यांचे वडील बंधू आणि बहिणीची मुले. पहिलाच आगगाडीचा प्रवास. तयारी उत्साहाने झालेली. नवे विलायती कापडाचे अंगरखे, चकचकीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे, आणि फराळाचा भरलेला डबा. त्या यादीत उणे काही नव्हते. पत्र वडिलांच्या हाती न पडल्यामुळे मसूर स्टेशनवर न्यावयास कोणी आले नाही. कपड्यांवरून मुले ब्राह्मणांची वाटली म्हणून स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली. जात कळताच ते दूर निघून गेले. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे ठरवून, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे, असा तोड निघाली. वाटेत डबा उघडला. अन्न मुबलक होते, पण पाणी नव्हते. नदीच्या पात्रात होते ते जनावरांनी घाण केलेले. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले. गाडीवानाच्या सल्ल्याने आपण मुसलमान आहो असेही सांगून पाहिले. तरी मिळाले नाही. भरला डबा तसाच घेऊन मुले उपाशी निजली.

ही हकीकत आंबेडकरांनी पुढे सुमारे पस्तीस वर्षांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत लिहून ठेवली. ती मी प्रथम वाचली तेव्हा मला माझ्या आजीच्या फिरकीच्या तांब्याची आठवण झाली, आणि ती आठवण सुखाची नव्हती.

मी त्या वेळी आठ-नऊ वर्षांचा असेन. आजी आणि मी सोलापूरहून दिवसाच्या गाडीने मुंबईस निघालो होतो. मे महिना, डब्यात पाय ठेवावयास जागा नव्हती, खिडकीच्या सळया हातास पोळत होत्या. समोर एक बाई पोरास मांडीवर घेऊन बसली होती. पोर पाण्यासाठी रडू लागले, तेव्हा तिने आजीच्या तांब्याकडे पाहिले आणि मागितले. आजीने विचारले, 'कोणाच्या तुम्ही, बाई?' बाईने सांगितले. आजीने क्षणभरही नाही म्हटले नाही. तिने फिरकी काढली, पोरास ओंजळ धरावयास सांगितले आणि वरून, हातभर उंचीवरून, धार सोडली. पोर प्याले, आई प्याली, तांब्या रिता झाला. पुढे दौंडपर्यंत आम्ही दोघे तहानलेलेच होतो, पण आजीने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. घरी ही गोष्ट तिच्या दयाळूपणाची म्हणून सांगितली जाई, आणि ती तशी होतीही. पण ती हातभराची उंची कोणी सांगत नसे. आंबेडकरांची हकीकत वाचेपर्यंत ती माझ्याही ध्यानात आली नव्हती. दया आणि अंतर ही दोन्ही एकाच तांब्यात मावतात, हे मला तेव्हा कळले.

कायद्याने तोवर आपले काम केले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी पिण्याचा हक्क बजावण्यात आला. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमाने विहिरी, तलाव, दुकाने व उपाहारगृहे यांची दारे जातिभेदाच्या कारणावरून कोणासही बंद करता येणार नाहीत असे ठरवले, आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. प्रवाशाच्या दृष्टीने पाहता ही कलमे म्हणजे सामानाचेच नियम आहेत. वाटेत पाणी मागता येणे हा हक्क झाला, म्हणजे पाणी वाहून नेणे ही सक्ती राहिली नाही.

आमच्या जिल्ह्याने त्याच सुमारास आणखी एका प्रकारचे गाठोडे पाहिले. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या दहशतीमुळे सरहद्दीवरील गावांतून शेकडो कुटुंबे रातोरात सोलापूर आणि बार्शीकडे निघाली. त्यांस 'काय घ्यावे' हा प्रश्न विचारावयास घटकाभरही मिळाला नाही. जात्याची खुंटी हाती लागली ती घेतली आणि दागिन्यांचा डबा मागे राहिला, अशा गोष्टी आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांनी आम्हांस सांगितल्या आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजांनी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले आणि चार-पाच दिवसांत प्रकरण संपले. यानंतर करोडगिरीचे नाके आणि हाली सिक्का यथाकाल इतिहासजमा झाले. त्याच वर्षीच्या १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली होती, पुढे ती तुळजापुरासही आली, आणि सोलापूरची रात्रभराची वाट तासाभराची झाली.

असो. इतिहासाची ही धाव पाहिल्यावर मूळ प्रश्नास उत्तर देणे भाग आहे : आज उन्हाळ्याच्या तोंडाशी तुळजापुरातून मुंबईस जाणाऱ्याने बरोबर काय घ्यावे?

प्रथम हवेचा विचार करावा. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. पारा चाळिसाच्या आसपास जातो, पण घाम तत्काळ वाळतो आणि वाळताना अंगास गारवा देतो. मुंबईत पारा तेहतीस-चौतिसाच्या पुढे सहसा जात नाही. मात्र समुद्राच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, आणि मनुष्य आमच्यापेक्षा कमी उष्णतेत अधिक कासावीस होतो. म्हणून जाड कपडे थोडे नेण्यापेक्षा पातळ सुती कपडे अधिक न्यावेत. दिवसातून दोनदा बदलावे लागतात. पंचा दोन असावेत. वळकटीची गरज उरली नाही; एक पातळ चादर पुरे. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, त्यापूर्वी परतावयाचे असेल तर छत्री केवळ उन्हासाठी. ओळखपत्र विसरू नये. जुन्या काळच्या दस्तकाची जागा त्याने घेतली आहे. चालू औषधे आणि वैद्याच्या चिठ्ठ्या हातपिशवीत ठेवाव्यात, मोठ्या पेटीत नव्हेत. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात पस्तीस किलो सामान विनामूल्य नेता येते. परंतु लोकलच्या गर्दीत ज्यास शिरावयाचे आहे त्याने याच्या तिसऱ्या हिश्श्यावरच थांबावे.

खावयास दशम्या, धपाटे, शेंगांची चटणी. हे आता गरजेचे राहिलेले नाही. स्टेशनास्टेशनावर सर्व मिळते. तरी न्यावे, कारण मुंबईत ज्यांच्याकडे आपण उतरणार ते आपली वाट पाहतात त्याहून अधिक आपल्या डब्याची पाहतात.

आणि पाणी न्यावे, भरपूर न्यावे. पाण्याच्या बाटल्या फलाटावर विकत मिळतात, आणि त्या घेताना कोणी जात विचारीत नाही. पैसे मात्र विचारतो. मराठवाड्याच्या मनुष्यास पाण्याची किंमत शिकवावयास नको. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून पाच लाख लिटर आले, आणि लोक फलाटावर जमून त्या गाडीकडे एखाद्या पाहुण्याकडे पाहावे तसे पाहत होते. ज्या प्रदेशाने ते दृश्य पाहिले, तेथील प्रवाशाने स्वतःपुरतेच पाणी भरून निघणे मला शोभत नाही असे वाटते.

आजीचा तो तांब्या आजही आमच्या घरी आहे. पितळेवर काळपट छटा आली आहे, फिरकीचे आटे झिजले आहेत. तरी पाणी गळत नाही. येत्या वैशाखात मुलीकडे मुंबईस जावयाचे आहे. सौभाग्यवतींनी विचारले, 'या वेळी तो तांब्या घ्यावयाचा काय? उगाच ओझे.' मी घ्या म्हणालो. आणि बरोबर एक पेलाही ठेवावयास सांगितले. वाटेत कोणी पाणी मागितले तर ते हातात देता यावे.